पेल्याचा दोरा

घड्याळजींचा अंगठा पेल्याच्या दांडीवर गेला, जरा वर सरकला, जरा खाली आला आणि थांबला. मग त्यांनी पेला ओठांना न लावताच शेजारच्या माणसाच्या हातात दिला. त्या माणसाचा अंगठाही तसाच वर गेला, खाली आला, थांबला. त्यानंही पेला पुढं ढकलला. दुसऱ्या बाकावरून मावशी हे बघत होती आणि पहिले काही क्षण तिला वाटलं, हे आपल्या डोळ्यांचंच काहीतरी आहे. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. डॉक्टर म्हणाले होते, "आजी, आता सगळं जरा जास्तच लख्ख दिसेल, दचकू नका." तसं दिसतही होतं. घड्याळजींच्या कोटाच्या खांद्यावरचा पांढरा केस, खिडकीच्या काचेवर उमटलेला कुणाचा तरी पंजा, पुढच्या बाकाच्या पाठीवर कधीकाळी खिळ्यानं कोरलेली होडी. या होडीमागं तिनं उभा जन्म काढला होता आणि तिला शीड आहे हे तिला आज कळत होतं. पेला पहिल्या बाकावरच्या आठही माणसांच्या हातांतून गेला, तापलेलं भांडं हातोहात द्यावं तसा, आणि एकाच्याही ओठांना लागला नाही. नवे पाळक बाकाच्या टोकाशी उभे होते. त्यांची ही इथली पहिलीच प्रभुभोजनाची सेवा, वय तिच्या लेकीपेक्षा कमी. चेहऱ्यावरचं हसू त्यांनी तसंच धरून ठेवलं होतं, फोटो काढणारा बटण दाबायला विसरल्यावर माणसं धरून ठेवतात तसं. पेटी वाजत होती, गाणं चालू होतं, गाणाऱ्यांचे आवाज मात्र एकेक करून कमी होत होते. मग पेला वळून दुसऱ्या बाकाशी आला, म्हणजे आधी तिच्याकडेच, कारण टोकाची जागा तिची. तिनं दोन्ही हातांनी घेतला. आणि तिला काही कळायच्या आत तिचा अंगठा दांडीवर गेला, वर सरकला, खाली आला. दोरा नव्हता.

ती प्यायली. का प्यायली हे तिला सांगता आलं नसतं. हातात पेला आला की प्यायचा, एवढंच शरीराला ठाऊक होतं. शेजारी घड्याळजींच्या बायकोला, काकूंना, तिनं पेला दिला. काकूंनी आधी तिच्याकडे असं पाहिलं की जणू मावशी भर प्रार्थनेत शिटी वाजवून बसली आहे, मग अंगठा दांडीवर फिरवला आणि पेला पुढं दिला, कोरड्या ओठांनी.

दोन पेले होते. चांदीचे, एकाच कारागिराच्या हातचे, जुळ्या भावंडांसारखे. एक पाळक पुढच्या बाकांवर नेत, दुसरा एक पंच मागच्या सहा बाकांवर. वेळ वाचावा म्हणून, असं सगळे म्हणत. पुढं उजळ कातडीची माणसं बसत, मागं काळी. तसा काही नियम कुठं लिहिलेला नव्हता. मागच्यांच्या आज्या-पणज्यांना समुद्रापलीकडून बंदरातल्या हमालीसाठी आणलं होतं, ते उशिरा आले, पुढची बाकं आधीच भरलेली होती, म्हणून मागं बसले. पुढची बाकं पुढं कितीतरी वेळा रिकामी झाली, पण जो तो आपल्या जागी. मावशीच्या आईकडे पेल्यांचं काम होतं आणि आईनंतर ते मावशीकडे आलं, शिवणयंत्रासारखं, गुडघेदुखीसारखं. आईनं तिला वेदीमागच्या खोलीत टेबलाशी उभं करून शिकवलं होतं. राखेनं घासायचे, कोमट पाण्यात धुवायचे, उलटे ठेवायचे नाहीत. या पेल्याच्या दांडीला निळा दोरा, सात वेढे, एकाला एक चिकटून. गाठ आतल्या बाजूला, बोटाला टोचता कामा नये. हा पाळकांच्या उजव्या हाताला मांडायचा. पेल्याची कड पुसायला दोन फडकी, एकाला निळी शिवण, एक साधं. ती एकत्र धुवायची नाहीत. मावशी तेव्हा दहा वर्षांची होती. तिनं विचारलं होतं, "दोरा कशाला?" आई म्हणाली, "चांदी गुळगुळीत असते. म्हाताऱ्या माणसांच्या हातून निसटू नये म्हणून." ते तिला इतकं पटलं होतं की आयुष्यात तिनं तो प्रश्न पुन्हा उघडला नाही. दर वर्षी जुना दोरा काळा पडला की ती नवा गुंडाळी, आणि गुंडाळताना तिला कुण्या थरथरत्या म्हाताऱ्या हाताची काळजी घेतल्यासारखं वाटे. आणि तो अंगठा! लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून तिनं पाहिलं होतं, पेला हातात घेतला की बाबा आधी अंगठा फिरवायचे, मग डोळे मिटायचे. तिला वाटायचं, प्रार्थनेची सुरुवात अशीच होते. माणसं दारात पाय पुसतात, तसं देवाकडं जायच्या आधी अंगठ्यानं दोऱ्याला हात लावायचा. तिनं तो अंगठा भक्ती म्हणून उचलला होता. आपल्या लेकीलाही तिनंच शिकवला होता.

उपासना संपल्यावर अंगणात कुणी तिच्याजवळ आलं नाही. एरवी दहा जणी डोळा कसा आहे म्हणून विचारायला आल्या असत्या. काकू मात्र आल्या, दंडाला धरून तिला भिंतीच्या कडेला घेऊन गेल्या.

"अगं, दोरा कुठंय?"

"निसटला असेल धुताना. मला दिसलंच नाही बघ, डोळ्यात थेंब घातले होते ना."

"चाळीस वर्षांत नाही निसटला आणि आत्ताच बरा निसटला! त्या पोराचं प्रकरण झाल्यावरच!" काकूंच्या गळ्याशी लाल चट्टे उठले होते. "आणि वर प्यायलीस तू. सगळ्यांदेखत, घटाघटा."

"घटाघटा काय, घोटभर प्यायले. अगं पण कुणीच का नाही प्यायलं?"

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. आधी रागानं, मग अविश्वासानं, आणि शेवटी कीव आल्यासारख्या नजरेनं. "मावशे," त्या हळू म्हणाल्या, "वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. कुठला पेला कुठला, हे कळलं नाही तर कोण पिईल?"

घरी आल्यावर ती कोट न काढताच बेसिनपाशी उभी राहिली. पेले ती घरी आणूनच धूत असे, शनिवारी दुपारी, इथंच. जाळी उचलली. जाळीत चहाची पूड होती, तांदळाचे दोन दाणे होते आणि काळपट निळा, कुजलेला, केसांच्या गुंत्यासारखा दोरा होता. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईनं वर्षभराचा दोरा दीड वर्ष चालवला होता, डोळा बरा झाल्यावर बदलू म्हणून. एवढीच गोष्ट. तिनं तो बोटांत धरला आणि तिला पहिल्यांदा हायसं वाटलं. पुरावा होता. हा दाखवायचा, म्हणायचं, हे बघा, मी म्हातारी, माझ्या डोळ्याला दिसलं नाही. सगळं पूर्ववत. आणि हायसं वाटलं त्याच क्षणी दुसरं काहीतरी तिच्या अंगावर आलं, जिना उतरताना एक पायरी नसल्यावर येतं तसं. पूर्ववत म्हणजे काय? तो दोरा म्हाताऱ्यांच्या हातांसाठी नव्हता. तो कधीच नव्हता. सात वेढे, गाठ आत, एकाला एक चिकटून. ते वेढे तिनं घातले होते, ती फडकी तिनं वेगळी धुतली होती, आणि पुढच्या बाकांवरच्या प्रत्येक माणसाला ते कशासाठी हे ठाऊक होतं, पुराण्या कुलपाची किल्ली कुठं ठेवतात हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावं तसं. फक्त किल्ली ठेवणारीला ठाऊक नव्हतं. नव्हतं? ती बेसिनशी उभी राहिली, नळ थेंब थेंब गळत होता. मग 'वर सरकला, खाली आला' हे तिच्या अंगठ्यानं आज कशासाठी केलं? आणि दोरा नाही म्हटल्यावर पिण्याआधी, अगदी पापणी लवायला लागतो तेवढा वेळ, ती थांबली होती. कशासाठी थांबली होती?

दाराची घंटा वाजली. दोरा मुठीत तसाच धरून तिनं दार उघडलं. दारात नर्स होती, आणि नर्सच्या हाताला धरून तिची आई.

नर्स या घरात परकी नव्हती. मावशीच्या नवऱ्याचं शेवटचं दुखणं अकरा महिने चाललं, ते या मुलीनं काढलं. त्याला कुशीवर वळवणं, पाठीच्या जखमा पुसणं, दाढी करणं, आणि तो चिडला की त्याला त्याच्याच भाषेत सुनावणं. "काका, शिव्या द्यायच्या तर जोरात द्या, शेजाऱ्यांनाही ऐकू जाऊ देत." तो हसायचा. त्या अकरा महिन्यांत तो जेवढा हसला तेवढा मावशीच्या संसारात हसला नव्हता. नर्स मागच्या बाकांवरची. तिचा धाकटा भाऊ गोदामात कामाला. दीड महिन्यापूर्वी गोदामाच्या फाटकावर पहारेकऱ्यांनी त्याला धरलं, एक थैली सापडत नव्हती म्हणून. तीन-चार जण होते. थैली नंतर जागच्या जागी मिळाली, तोपर्यंत त्याचा जबडा मोडला होता. पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो त्याच्यावरच, पहारेकऱ्यांवर हात उगारल्याचा. नर्सनं पंचांकडे एक पत्र मागितलं होतं, चर्चच्या शिक्क्यासह. हा मुलगा आमच्या मंडळीत लहानाचा मोठा झाला, आम्ही त्याला ओळखतो, एवढंच. पंचांनी विचार केला. पत्र दिलं नाही, पण भावाचं नाव रविवारच्या प्रार्थनेच्या यादीत घातलं, आजाऱ्यांमध्ये. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाची साखर वाढलेली, आणि नर्सचा भाऊ. मावशीनं त्या यादीसाठी डोळे मिटून मनापासून प्रार्थना केली होती. बरा होऊ दे त्याला, असं म्हटलं होतं, जणू त्याला कुठून वारंच लागलं होतं.

"मावशी, ही ऐकेचना," नर्स म्हणाली. "म्हणाली, मला आत्ताच्या आत्ता त्यांच्याकडे ने."

नर्सची आई ऐंशी ओलांडलेली, वाळून लहान झालेली. या घरात ती कधी आली नव्हती. ती खुर्चीवर बसली नाही. तिनं मावशीचा मोकळा हात हातात घेतला आणि उलटा-सुलटा करून पाहिला, बाजारात भाजी पारखावी तसा.

"मी लग्न होऊन या मंडळीत आले तेव्हापासून बघत होते," म्हातारी म्हणाली. "कोण सोडतंय तो दोरा. म्हटलं, माझे डोळे मिटायच्या आत कुणी सोडतंय का नाही. तू सोडलास गं, बाई."

"आजी, अहो, मी..." मावशीची दुसरी मूठ घामानं ओली झाली होती. दोरा आत होता. मूठ उघडायची आणि सांगायचं, बस. म्हातारीचा तळवा तिच्या हातावर फिरत होता, खरखरीत, भेगाळलेला, जन्मभर दोर आणि गोण्या ओढलेला. आणि त्या स्पर्शासरशी आईचा आवाज आला. साठ-पासष्ट वर्षं तो कुठं दडून बसला होता कोण जाणे. तिनं दुसरा प्रश्नही विचारला होता! दहा वर्षांच्या त्या पोरीनं, वेदीमागच्या खोलीत, दुसऱ्या पेल्याकडं बोट करून विचारलं होतं, "मग याला का नाही दोरा?" आणि आई पेला पुसता पुसता, मान वर न करता म्हणाली होती, "त्यांचे हात खरखरीत असतात. त्यांच्या हातून नाही निसटत." ते पोरीला कौतुक वाटलं होतं. तिला कितीतरी दिवस वाटत राहिलं होतं की आपलेही हात खरखरीत असते तर बरं.

"मी चहा करते," ती म्हणाली, आणि जवळजवळ पळतच स्वयंपाकघरात गेली. दोरा तिनं डब्यामागं टाकला. पाणी ठेवलं. वरच्या फळीवरून दोन कप काढले आणि तिसऱ्यासाठी हात आपोआप खिडकीजवळच्या आकड्याकडे गेला. तिथं एक पिवळा कप टांगलेला असे, एकटा. नर्सचा कप. तिला या घरात स्वतःचा कप असावा म्हणून मावशीनं तो वेगळा टांगला होता. किती मायेनं! नवरा एकदा म्हणालाही होता, "अगं, तिला आपल्यातला दे की एखादा." आणि ती म्हणाली होती, "तिचा आहे ना तिचा." पिवळ्या कपाच्या कानाला ती धरून उभी राहिली. तो कप तिनं कधी बाकीच्या कपांबरोबर विसळला होता का, हे ती आठवू लागली. आठवू नये असं वाटत असतानाच आठवत गेलं. पाणी उकळून उकळून निम्मं झालं. शेवटी चहा तिनं घरातल्या तीन कपांतून नेला. नर्सनं कप हातात घेतला, कपाकडं पाहिलं, मावशीकडं पाहिलं आणि प्यायली.

सोमवारी लेकीचा फोन आला. ती दूरच्या शहरात राहायची, पण बातमी तिच्यापर्यंत मावशीच्या आधी पोचली होती.

"आई, तू खरंच सोडलास दोरा? मला विश्वासच बसेना. तू!"

"का, मी काय एवढी..."

"अगं, चांगलंच केलंस म्हणतेय मी. लहानपणी मी म्हणायचे ना तुला, की मला नाही लावायचा अंगठा, तर तू मला चिमटा काढायचीस."

"तुला ठाऊक होतं?"

"आई, सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या शाळेत पोरं चिडवायची एकमेकांना, बिनदोऱ्याचा, बिनदोऱ्याचा म्हणून. आता तुला ठाऊक नव्हतं असं मला सांगू नकोस हं."

मावशीनं फोन ठेवला. चिमटा तिला आठवला. लेकीच्या मांडीवर, फ्रॉकच्या घेराखाली, कुणाला दिसू नये असा.

बुधवारी चार वाजता पंचांनी तिला बोलावलं. वेदीमागचीच खोली, तेच टेबल. पाच पंच, मधे घड्याळजी, कडेला पाळक. टेबलावर दोन्ही पेले उघडेच ठेवले होते आणि ते इतके सारखे होते की पंचांच्या माना एका पेल्यावरून दुसऱ्यावर जात होत्या आणि परत येत होत्या. भिंतीवर घड्याळजींनीच दुरुस्त केलेलं घड्याळ होतं, ते दोन मिनिटं पुढं. घड्याळजी वाईट माणूस नव्हते. नवऱ्याच्या अंत्यविधीला शवपेटीचा पुढचा कोपरा त्यांच्या खांद्यावर होता.

"बसा मावशी. चहा घेणार?"

"नको."

"हे बघा, आम्ही काही तुमची चौकशी करत नाही. तुमच्या आईपासूनची सेवा आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालं, दोरा जुना झाला असेल, सुटला असेल, तुमच्या लक्षात आलं नसेल. असंच झालंय ना? एवढं म्हणा, मी रविवारी सगळ्यांना सांगतो, विषय संपला. नाहीतर लोक काय वाट्टेल ते बोलतायत. कुणी म्हणतंय, त्या पोराच्या पत्रावरून मावशींनी मंडळीला धडा शिकवला."

"दोरा कशासाठी असतो, घड्याळजी?"

एक पंच खोकला. घड्याळजींनी चष्मा काढला, पुसला. "जुनी रीत आहे. कुणाचा अपमान करायचा म्हणून नाही. आणि मागच्यांनी आजवर कधी तक्रार केलीय? हळूहळू जाईल ते. अशा गोष्टी ओढून काढायच्या नसतात, आपोआप गळून पडतात."

आपोआप गळून पडतात. रुमालात गुंडाळलेला, कुजलेला दोरा तिच्या पिशवीत होता. अगदी आपोआप गळलेला. तो काढून टेबलावर ठेवला असता तर या पाच जणांनी सुटकेचा श्वास टाकला असता. चहा आला असता, काकू संध्याकाळी डोळ्याची चौकशी करायला आल्या असत्या. तिला ते सगळं हवं होतं. तिला काकू हव्या होत्या, टोकाची जागा हवी होती, शनिवारची दुपार हवी होती. चांदी राखेखालून हळूहळू उजळत येते ती घटका, जिच्यासाठी ती महिना काढायची. नवरा गेल्यावर ती घटकाच तर उरली होती. तिनं पाळकांकडे पाहिलं. ते टेबलाच्या लाकडाकडे बघत होते, त्यातल्या रेषा मोजत असल्यासारखे. आणि तिला नर्सच्या आईचा तळवा आठवला.

"नाही," ती म्हणाली. "मी सोडला."

"म्हणजे, चुकून?"

"चुकून नाही. कात्रीनं कापला. शनिवारी दुपारी." कात्री कुठून आली हे तिचं तिलाही कळेना. या छताखाली ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होती आणि तिचा आवाज कधी नव्हे इतका सरळ निघत होता. "आणि पत्र लिहिणार असाल, तर पहिली सही माझी घ्या."

"पत्राचा विषय नाही हा," घड्याळजी म्हणाले. त्यांच्या कपाळावर एक शीर उठली होती. मग त्यांनी हात पुढं केला, उताणा. तिला कळायला वेळ लागला. मग तिनं खोलीची आणि कपाटाची किल्ली कड्यातून काढली. कडं घट्ट होतं, नख तुटलं. किल्ल्या तिनं त्यांच्या तळहातावर ठेवल्या. मऊ होता तळहात.

पाळक फाटकापर्यंत तिच्यामागं धावत आले. "मावशी, मला खरंच कल्पना नव्हती हो. मी लिहितो पत्र. माझ्या नावानं लिहितो."

"शिक्का?"

"शिक्का पंचांकडे असतो," ते म्हणाले आणि त्यांचे कान लाल झाले.

ती घरी न जाता दवाखान्याच्या रस्त्याला लागली. नर्सची पाळी सुटायची वेळ होती. दवाखान्याच्या मागच्या दाराशी, औषधांच्या रिकाम्या खोक्यांजवळ त्या दोघी उभ्या राहिल्या आणि मावशीनं तिथं रुमाल उघडून दोरा दाखवला. "मी सोडला नव्हता गं," ती म्हणाली. "कुजून पडला. मला दिसलाही नाही. तुझ्या आईला खोटंच खरं वाटू दिलं आणि आता त्यांना खोटं सांगून आले."

नर्सनं दोऱ्याकडे नीट पाहिलं, जखमेकडे बघावं तसं, चेहऱ्यावर काही न दाखवता. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"तुमच्या हातात पेला आला तेव्हा तुमचा अंगठापण शोधत होता, मावशी. मागून सगळं दिसतं. आम्ही लहानपणापासून तेच तर बघतो, एकेक खांदा कसा हलतो ते." तिनं मावशीची बोटं दोऱ्यावर मिटवली. "आईला सांगू नका. तिला राहू दे." मग चालता चालता थांबून म्हणाली, "आणि त्या दिवशी चहा छान होता. एरवी त्या पिवळ्या कपात साबणाचा वास यायचा."

मावशी किती वेळ तिथं उभी होती कोण जाणे. खोकी उचलायला माणूस आला तेव्हा ती बाजूला झाली.

पुढचे तीन रविवार तिला कुणी काही बोललं नाही. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. माणसं नमस्कार करत, हवेबद्दल विचारत. प्रार्थनेच्या यादीतून नर्सच्या भावाचं नाव निघालं, कारण तो हिंडू-फिरू लागला होता. गुन्हा होता तसाच होता. पाळकांनी एका रविवारी सगळे एकाच देहाचे अवयव यावर फार सुंदर प्रवचन केलं आणि दारात पुष्कळांनी त्यांचा हात हातात घेऊन दाबला. पाळकांच्या नावाचं, बिनशिक्क्याचं पत्र पोलिसांनी ठेवून घेतलं होतं, एवढंच. आणि मग चौथा रविवार, प्रभुभोजनाचा.

ती टोकाच्या जागेवर बसली. मागं जाऊन बसावं असं मनात आलं होतं, पण मागं जाऊन ती कुणाला काय दाखवणार होती? तिची जागा ही. जे केलं ते तिनं इथं बसून केलं होतं. पेटी सुरू झाली, सगळे गाऊ लागले. पाळकांनी पेला उचलला. त्यांच्या हाताला काहीतरी लागलं असावं, कारण ते क्षणभर थबकले. आणि मग ते पेला घेऊन पुढच्या बाकाकडे आले. घड्याळजींचा अंगठा वर गेला, खाली आला. ते प्यायले. शेजारी प्यायला. पहिलं बाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्यायलं, आणि गाण्याला पुन्हा आवाज आला, पाणी सोडल्यावर नळातून आधी हवा आणि मग धार यावी तसा. पेला तिच्या हातात आला.

नवा दोरा होता. झगझगीत निळा, नायलॉनचा. वेढे पाच, आणि विरळ. गाठ बाहेरच्या बाजूला, फुगीर, एकावर एक मारलेली, शिवणाची सुई कधी हातात न धरलेल्या माणसाची. तिनं मान न वळवता काकूंकडे पाहिलं. काकू गात होत्या, डोळे मिटून. किल्ल्या काकूंकडे गेल्याचं तिला अंगणात कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं होतं.

तिनं डाव्या तळव्यात पेल्याचा तळ बसवला, मनगट पोटाशी टेकवलं आणि उजव्या हाताच्या नखानं गाठीचं टोक शोधलं. तुटलेलं नख अजून पुरतं वाढलं नव्हतं. नायलॉनची गाठ हट्टी असते, ओढली की आणखी आवळते. ती ढकलावी लागते, उलटी, तिच्याच आत. तिनं ढकलली. द्राक्षरस कडेपर्यंत हलला, पुन्हा स्थिर झाला. गाणं संपलं. पेटीवाल्यानं वळून पाहिलं, काय करावं न सुचून पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरू केलं, आणि या खेपेला त्याच्याबरोबर फारसं कुणी गायलं नाही. पाळक बाकाशी उभे होते. त्यांनी पेला परत मागितला नाही, आणि त्यांची सावली पेल्यावर पडत होती ती त्यांनी एक पाऊल बाजूला होऊन काढून घेतली. घड्याळजींची मान पूर्ण वळली होती. "मावशी," ते दातांखालून म्हणाले, "हे काय चाललंय?" ती गाठ सोडवत होती. मागच्या बाकांवर कुणीतरी उभं राहिल्याचा, लाकूड करकरल्याचा आवाज आला, मग आणखी एक. तिनं वळून पाहिलं नाही. मागून सगळं दिसतं. पहिली गाठ सुटली, तिच्याखाली दुसरी होती. दुसरी सुटली. मग वेढे, एक, दोन, तीन, चार, पाच. चांदी खाली उघडी पडली, गार, आणि तिच्यावर बोटं नीट बसली. निसटत नव्हती. कधीच निसटली नसती.

ती प्यायली. दोरा मांडीवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, आणि पेला काकूंच्या हातात दिला.

काकूंनी डोळे उघडले होते. पेल्यात त्यांचा चेहरा लांबट होऊन हलत होता. त्यांचा अंगठा दांडीवर गेला, वर सरकला, खाली आला. पुन्हा वर सरकला. मावशी बघत राहिली. पेटी थांबली, सगळं चर्च थांबलं, तरी तो अंगठा त्या गुळगुळीत चांदीवर वर-खाली, वर-खाली फिरतच राहिला.